रसग्रहण, खो-खोची पाटी आणि मैत्रिणीची जर्सी

(या पानावर वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं. नावं छापत नाही, गाव तेवढं छापते. यावेळी शाळकरी मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं जास्त आली म्हणून पान त्यांनाच दिलंय. भाडेकरूचा आणि नणंदेचा प्रश्न पाठवलेल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.)

प्रश्न : ताई, मी दहावीला आहे, साताऱ्यात. मम्मी हा अंक आणते, आधी रेसिपीचं पान बघते मग तुमचं, आणि ती झोपली की मी वाचते. माझा प्रश्न एक नाहीये, बरेच आहेत आणि एकात एक अडकलेत त्यामुळे सगळंच लिहिते, कापायचं तर कापा.

पहिलं मराठीचं. मला मराठी आवडतं, म्हणजे आवडायचं. नवीन पुस्तकं मिळाली की कुमारभारती मी घरी येईपर्यंत रिक्षातच उघडते, धडे, कविता, स्थूलवाचनसुद्धा. पण शाळेत कविता शिकवायला घेतली की तीच कविता नकोशी होते. कारण रसग्रहण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, तीन मुद्दे तीन परिच्छेद, आणि क्लासमध्ये सगळ्यांना एकच उत्तर लिहून दिलंय, 'प्रस्तुत कवितेत कवीने' पासून सुरू होणारं. एक ओळ मला इतकी आवडली होती की मी ग्राउंडवर राउंड मारताना ती मनात म्हणायचे, पायाच्या तालावर बरोबर बसायची. आता ती ओळ आठवली की मागोमाग 'येथे अनुप्रास अलंकार साधला आहे' असं येतं आणि पळता पळता सगळं विस्कटतं. हसू नका, खरंच होतंय.

दुसरं खो-खो. मी शाळेच्या टीममध्ये आहे, सतरा वर्षांखालच्या. आमच्या टीममधल्या मुली आणि वर्गातल्या मुली वेगळ्या आहेत. वर्गातल्या मला 'टीमवाली' म्हणतात आणि टीममधल्या 'लेखिकाबाई' म्हणतात कारण मॅचच्या मधे माझ्या बॅगेत पुस्तक असतं. मला खो-खोमधलं सगळ्यात काय आवडतं सांगू का, मधल्या पाटीवर बसणं. सगळ्यांना पळायचं असतं, सूर मारायचा असतो, मला बसायलाही आवडतं. शेजारची उलट्या दिशेला तोंड करून बसलेली असते, तिचं तोंड दिसत नाही पण ती दमलीये का चिडलीये ते कळतं. आणि मागून खो येईपर्यंत उठायचं नाही, उठलं की फाउल. त्या वेळात डोक्यात कायकाय येतं आणि घरी येऊन मी ते वहीत लिहिते.

तीच वही प्रॉब्लेम झालीये. त्यात मी सगळ्यांबद्दल लिहिलंय. माझी एक जवळची मैत्रीण आहे, टीममधलीच, तिच्याबद्दल लिहिलं होतं की ती टेन्शन आलं की वेणीचं टोक चावते, हरल्यावर सगळ्यात मोठ्यानं हसते, आणि तिच्याकडं एकच जर्सी आहे जी बाहीला शिवलेली आहे आणि दोरा वेगळ्या रंगाचा आहे. ती वही तिनं वाचली. मी दिली नव्हती, तिनं बॅगेतून घेतली. आता ती बोलत नाही, खो देताना सुद्धा नुसतं टेकवते. मी तिला म्हटलं मी खोटं काय लिहिलं? तर म्हणाली खोटं लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. मला हे अजून कळलेलं नाही.

तिसरं घर. पप्पा एमआयडीसीत शिफ्टला असतात. त्यांचं म्हणणं नववीपर्यंत ठीक होतं, आता खेळ बंद आणि गोष्टीची पुस्तकं पण बंद, एक काहीतरी धर. दादा पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळतो, आणि तो मला म्हणतो वाचून काय होतंय. पण लेखीला मराठी व्याकरण असतं ना, तर रात्री समास आणि अलंकार मलाच विचारतो! आबा तेवढे माझ्या बाजूनं आहेत पण त्यांचं घरात कोण ऐकतंय.

तर ताई मी काय करू? वही फाडू का? खेळ सोडू का? आणि कविता पुन्हा आवडायला लागेल का?

उत्तर : नाही, नाही आणि हो. आता सावकाश सांगते.

कवितेचं आधी, कारण ते सोपं आहे आणि तुला ते अवघड वाटतंय. ती ओळ तुझ्या पायावर का बसायची, विचार केलायस का कधी? तेच तेच अक्षर पुन्हा पुन्हा येत होतं म्हणून. पाऊल पडायचं तेव्हा ते अक्षर पडायचं. म्हणजे अनुप्रास तुला क्लासच्या आधी कळलेला होता, नाव फक्त नंतर कळलं. राग नावाचा नाही आलेला तुला, राग आलाय तो सगळ्यांच्या वहीत एकच उत्तर असण्याचा, आणि तो राग अगदी बरोबर आहे, तो सोडू नकोस. मी बरीच वर्षं मराठीचे पेपर तपासलेत, 'प्रस्तुत कवितेत कवीने' वाचून वाचून तपासणारा माणूस जांभया देत असतो गं, गठ्ठ्यात एखादीनं जरी लिहिलं की या ओळीतला अमुक वर्ण परत परत येतो त्यामुळे ओळीला पळण्याची लय येते, तर तो खुर्चीत सरळ होऊन बसतो. तीन मुद्दे ठेव, ते मार्कांसाठी लागतात, त्यांच्यावर रुसून उपयोग नाही. पण त्या तीन खणांमध्ये माल तुझा भर. आणि 80 मार्कांच्या लेखी पेपरात रसग्रहण म्हणजे एक छोटा प्रश्न, त्याला सगळी कविता देऊन टाकायची काय गरज? परीक्षेसाठी वहीत लिहून झालं की वही मीट आणि कविता एकदा मोठ्यानं वाच, घरात कोणी नसताना. नाहीतर घाटात जा दादाबरोबर आणि पळताना म्हण.

'लेखिकाबाई' आणि 'टीमवाली' यावर मी एक ओळसुद्धा खर्च करणार नाहीये. दोन्ही चांगली नावं आहेत.

आता वही. इथं मला थांबावं लागेल कारण तुझ्या मैत्रिणीनं जे वाक्य टाकलंय ते तुझ्या सगळ्या वहीपेक्षा भारी आहे आणि ते तुला कळलं नाही म्हणून तू मला विचारतेयस. बघ, तू लिहिलंस ते खरं होतं, मान्य. वेणीचं टोक खरं, हसणं खरं, शिवलेली बाही खरी. पण एक सांग, त्याच जर्सीवर ती सूर मारते का? खुंटाजवळ गडी बाद करायला मातीत अख्खी झोकून देते का? बाही फाटली कशी असेल, कपाटात ठेवून तर फाटली नसणार. ते तुझ्या वहीत नाही. तुला दोऱ्याचा रंग दिसला आणि तू तिथंच थांबलीस. तिनं वाचलं तेव्हा तिला वाटलं असणार की जिच्या शेजारी मी रोज पाटीवर बसते तिला माझ्यात एवढंच दिसतं. त्यात खोटं असतं तर ती भांडली असती, खोडून काढलं असतं, विषय संपला असता. खरं असल्यावर माणूस भांडणार कशाशी?

वही तिनं न विचारता काढली हे चुकलंच तिचं, त्याबद्दल तू बोल तिच्याशी, पण ते आधी काढू नकोस, नाहीतर सगळं भांडण 'वही का घेतलीस' वर जाईल आणि खरी गोष्ट बाजूला राहील.

माणसांबद्दल लिहावं का, तर लिहावंच, दुसरं कशाबद्दल लिहिणार. आपल्या माण तालुक्याच्या पलीकडं, आज जो सांगली जिल्ह्यात आहे त्या आटपाडी भागात, माडगूळ नावाचं गाव आहे. तिथल्या व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' 1949 साली आलं, सगळी आसपासची माणसं, दुष्काळी मुलखातली, अंगावर धड कपडा नसलेली. शाळेच्या लायब्ररीत नक्की मिळेल. त्यातलं कुठलंही एक शब्दचित्र घे आणि फक्त एवढंच बघ की गरिबी कुठं सांगितलीय, किती सांगितलीय आणि ते वाचल्यावर तो माणूस तुझ्या नजरेत लहान होतो की नाही. मला विचारशील तर होत नाही. का होत नाही ते मी सांगणार नाही, तू पेन्सिलीनं खुणा कर आणि शोध. यात तुझा क्लासच्या रसग्रहणापेक्षा जास्त फायदा आहे.

मग तिच्याबद्दल परत लिही. दोरा खोडू नकोस, राहू दे, पण पुढचं लिही. लिहून झाल्यावर तिला दाखवायचं की नाही हे तू ठरव, मी जबरदस्ती करणार नाही. काही गोष्टी वहीतच राहाव्यात, विशेषतः कुणाच्या घरच्या अडचणी, कुणाचं दिसणं, कुणाला काय आजार आहे ते. स्टेटसला तर अजिबात नाही, कविता केली तरी नाही, 'नाव कुठं घेतलंय' म्हणालीस तरी नाही, सगळ्या वर्गाला कळतं कोण ते. आणि उद्या ग्राउंडवर आधी साधं बोल. सॉरी नाही म्हणावंसं वाटलं तर 'मी अर्धंच लिहिलं' एवढं म्हण, ते खरं आहे.

पप्पांचं. बघ, शिफ्ट करून येणाऱ्या माणसाला तुझं सगळं आयुष्य रात्री जेवताना दिसतं, आणि तेव्हा तू एकतर दमलेली असतेस नाहीतर पुस्तकात असतेस. त्यांना अभ्यास दिसतच नाही. त्यामुळे वाद घालू नकोस, कॅलेंडर दाखव. शालेय स्पर्धा बहुतेक पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या आगेमागे आटपत येतात, तालुका, जिल्हा, मग आपला कोल्हापूर विभाग आणि पुढं राज्य. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. म्हणजे टीम पुढं गेली नाही तर खेळ आपोआप संपतो, आणि पुढं गेली तर ती चांगली बातमी आहे, खेळातल्या कामगिरीला दहावीला सवलतीचे गुण मिळतात, कुठल्या पातळीला किती ते शाळेतल्या खेळाच्या सरांना विचार, नियम बदलत असतात आणि अर्ज शाळेमार्फतच वेळेत जावा लागतो. हे सगळं एका कागदावर लिही, प्रॅक्टिस किती वाजता, क्लास किती वाजता, झोप किती वाजता. डिसेंबरनंतर फक्त सकाळी पळणं, बाकी अभ्यास, असं तूच त्यांना सांग. त्यांनी सांगायच्या आधी तू सांगितलंस की निम्मं काम होतं.

आणि दादाला समास शिकवायचा असेल तेव्हा पप्पा घरात असताना शिकव, बाहेरच्या खोलीत, मोठ्यानं. बाकी काही बोलू नकोस.

आबांचं घरात कोण ऐकत नाही म्हणतेस, तू ऐक ना. साताऱ्याच्या घरात आबा म्हटलं की निदान एकदोन कुस्तीच्या मैदानांच्या आठवणी असणारच. त्यांना बोलतं कर आणि वहीत घे.

प्रश्न : मी वाईचा, नववीत आहे. मला वाचायचा कंटाळा येतो, दोन पानं झाली की झोप येते. मी क्रिकेट खेळतो. आमच्या मॅडम म्हणतात अवांतर वाचन केलंच पाहिजे आणि महिन्याला एक पुस्तकाची माहिती लिहून आणायची. मी इंटरनेटवरून काढून लिहितो, मॅडमना कळत नाही. मी काय वाचू?

उत्तर : मॅडमना कळतं रे. चाळीस वह्या असतात म्हणून बोलत नाहीत.

वाचायचा कंटाळा नाही तुला, जाड पुस्तकाचा कंटाळा आहे. स्कोअरकार्ड वाचतोस की नाही? संघनिवडीच्या बातम्या? ते वाचनच आहे, फक्त त्याला माहिती लिहून आणायची सक्ती नाही. तर तिथूनच धर. तू वाईचा आहेस आणि मराठी विश्वकोशाचं ऑफिस तुझ्या गावात आहे, बाहेरची माणसं हे ऐकून चकित होतात आणि वाईच्या पोरांना पत्ता नसतो. विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. त्यात क्रिकेट काढ, खो-खो काढ, कुस्ती काढ. नोंदी छोट्या असतात, झोप यायच्या आत संपतात. भाषा थोडी जड आहे, अडलं तर पुढं जा.

दुसरं, पसरणी घाट चढून पाचगणीच्या पुढं गेलास की भिलार आहे, 2017 साली तिथं पुस्तकांचं गाव सुरू झालं. स्ट्रॉबेरी खायला गेला असशील कदाचित. तिथं लोकांच्या घरात, पडवीत, देवळात पुस्तकं मांडलेली आहेत, एकेका घरात एकेक विषय, बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. विकत घ्यायचं नाही, संपवायचं नाही, माहिती लिहायची नाही. एखाद्या रविवारी मॅच नसेल तेव्हा जा, दोनतीन घरं फिर, पंधरा पुस्तकं उघडून चौदा बंद केलीस तरी चालतंय. जे बंद करावंसं वाटलं नाही त्याचं नाव मला कळव.

तोपर्यंत मॅडमना महिन्याची माहिती म्हणून तू खेळलेल्या एका मॅचबद्दल एक पान लिहून दे आणि पुस्तक नाही वाचलं म्हणून सांग. ओरडतील, पण वाचतील.

प्रश्न : मी कराडजवळून लिहितोय, शेतकरी आहे. मुलगी दहावी पास होऊन अकरावीला गेली. ती आठशे मीटर पळते, जिल्ह्याला पहिली आली. सर म्हणतात हिला सोडू नका, भाऊबंद म्हणतात पोरीला पळवून काय मिळणार, सायन्सला घाला. तीही धड बोलत नाही, सारखी वहीत काहीतरी लिहीत असते. खेळातून खरंच काही मिळतं का? खरं सांगा, भाषण नको.

उत्तर : भाषण नाही करत. बहुतेकांना मेडल मिळत नाही, हे आधी ऐकून ठेवा. जिल्ह्याला पहिली आलेली प्रत्येक मुलगी देशाकडून पळत नाही, दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यात एक पहिली येतेच.

पण तुम्ही कराडजवळचे, तुम्हाला गोळेश्वर मी सांगायला नको. तिथले पैलवान खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा पैसे कुठून आले? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. आणि तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून पुढचंही सांगते, त्या माणसाला पोलीस खात्यात नोकरी लागायला 1955 उजाडलं आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यानंतर. म्हणजे नाव मोठं होणं आणि घर चालणं या दोन गोष्टी एकत्र येतीलच असं नाही.

आता तुमच्या मुलीसारखीचं उदाहरण. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. तिकडचं पाणी तुम्हाला माहितीय, कृष्णाकाठच्या माणसाला तर जास्तच कळेल. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला ती होती, दहाव्या नंबरवर आली. मेडल नाही. नंतर राज्य सरकारनं तिला उपजिल्हाधिकारी म्हणून घेतलं. भाऊबंदांना मेडलपेक्षा हे पद चटकन कळेल, तेच सांगा त्यांना. आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती, कॉलेजातल्या तुमच्या मुलीएवढीच.

पण ही वर पोचलेल्यांची गोष्ट झाली. मधल्यांसाठी काय, तर राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते नुसतं खेळलं म्हणून मिळत नाही, कुठल्या पातळीवर कितवा नंबर हे बघतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. त्यामुळे सगळी मूळ सर्टिफिकेटं लॅमिनेट न करता एका फाइलीत ठेवा, आत्तापासून.

सायन्स का आर्ट्स हे मला विचारू नका, तिला विचारा. सायन्स घेऊन पळता येत नाही असं काही नाही, प्रॅक्टिकल आणि प्रॅक्टिसची वेळ एकच आली की मात्र ओढाताण होते, ते कॉलेजात आधी विचारून घ्या. एक दोन वर्षं बघायची मुदत द्या, विभागाला आणि राज्याला काय वेळ येतीय ते दिसेल, आठशे मीटरला घड्याळ स्पष्ट बोलतं, सरांना आणि तुम्हाला दोघांनाही. तेवढ्यात वेळ कमी झालीच नाही तर तिलाच आधी कळेल.

ती वहीत काय लिहिते ते बघू नका. याच पानावर वर एका वहीचं काय झालं ते वाचा. बोलत नाही म्हणता, तर मोटारसायकलवरून ग्राउंडला सोडायला जा, मुली मागं बसून जास्त बोलतात, तोंड दिसत नाही ना. आणि सरांनी स्पाइक घ्यायला सांगितले असतील तर तिला दुकानात घेऊन जा आणि पायात घालून चालायला लावा, पुढच्या वर्षीही व्हावेत म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका.